फुरशाचे ऋण

फाल्गुन उतरणीला लागला की पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतील काजूच्या भाटांत माणसांची वर्दळ सुरू होते. बोंडे पिकून खाली पडतात. ती वेचावयाची, पिळून बी वेगळी करावयाची, आणि बोंडे रस काढण्याच्या जागी पोचवावयाची, हे काम उन्हे चढण्यापूर्वी आटपावे लागते. ते वाकून करावे लागते आणि पालापाचोळ्यात उघडा हात घालूनच करावे लागते. भूमी जांभ्या दगडाची. सड्यावर दिवसभर तापलेला दगड रात्री निवतो, आणि त्याच्या फटींत व वाळल्या पाल्याखाली फुरसे वस्तीला असते. जेमतेम हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण असलेले हे जनावर नागासारखे फणा काढून आपला बडेजाव मिरवीत नाही. ते जागच्या जागी वेटोळे करते, अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवत चालल्यासारखा खरखराट करते, आणि तेवढ्यानेही माणूस सावध झाला नाही तर चावते. पाल्याच्या आवाजात तो खरखराट पुष्कळदा ऐकूच येत नाही.

या विषाची करणी विलक्षण आहे. त्यातील एक द्रव्य रक्त गोठविण्याची क्रिया अकारण चालू करून देते. रक्त शिरांतल्या शिरांत सूक्ष्म प्रमाणात गोठत राहते, आणि गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन पाहता पाहता खर्ची पडते. साठा संपला म्हणजे रक्त गोठेनासे होते. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून, आणि दैव फारच फिरले तर मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणजे गोठविणारे विष माणसाला मारते ते त्याचे रक्त पातळ करून. याच विषात दुसरे एक लहानसे प्रथिन आहे, अवघ्या 49 अमिनो आम्लांचे. रक्तातील ज्या बिंबिका जखमेच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून बूच तयार करतात, त्यांच्या पृष्ठभागावरील खाचेत हे प्रथिन नेमके जाऊन बसते आणि त्यांना एकमेकींचा हात धरू देत नाही. 1988 साली अमेरिकेतील मर्क या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन वेगळे करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फुरशाचे शास्त्रीय नाव एकिस. त्यावरून प्रथिनाचे नाव पडले एकिस्टॅटिन.

हृदयाच्या धमनीत गुठळी बसली की हृदयविकाराचा झटका येतो, आणि ती गुठळी बव्हंशी बिंबिकांची असते. तेव्हा ज्या युक्तीने फुरसे बिंबिकांना अलग ठेवते तीच युक्ती वैद्याला हवी होती. एकिस्टॅटिनच्या अंगावरील तीन अमिनो आम्लांची एक छोटी आकृती त्या खाचेत बसते, हे ध्यानात घेऊन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याच घडणीचा एक लहान, कृत्रिम रेणू तयार केला. त्याचे नाव टायरोफिबॅन. 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि पुढे आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतूनही तो शिरेवाटे दिला जाऊ लागला.

आता आमच्या मनात घोळणारा प्रश्न मांडावयास हरकत नाही. अशी कल्पना करा की, पेडण्यातील एका काजूभाटाचा भाटकार छातीत कळ येऊन रुग्णालयात गेला. त्याच्या धमनीत नळी घालताना हे औषध दिले गेले. तो बरा होऊन घरी परतला. त्याच मोसमात त्याच्याच भाटात बोंडे वेचणाऱ्या बाईच्या बोटाला फुरसे चावले. तिचे रक्त पातळ झाले आणि ती दगावली. या दोन घटनांत काही नैतिक नाते आहे काय? की एकाच सड्यावर उगवलेल्या दोन झाडांप्रमाणे त्या केवळ शेजारी शेजारी आहेत?

रसायनशास्त्रज्ञाचे उत्तर सरळ आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. तो म्हणेल, टायरोफिबॅनमध्ये विषाचा कणसुद्धा नाही. ते कारखान्यात, साध्या रसायनांपासून तयार होते. फुरशाने आम्हाला दाखविली ती एक आकृती, आणि आकृती कोणाच्या मालकीची नसते. पक्ष्याकडे पाहून माणसाने विमान केले म्हणून कोणी पक्ष्यांना भाडे देत नाही. शिवाय त्या आकृतीपासून औषधापर्यंतची वाट दहा वर्षांची होती. तिच्यावर असंख्य रेणू करून टाकून द्यावे लागले, प्राण्यांवर आणि मग हजारो रुग्णांवर कसोट्या घ्याव्या लागल्या. हे कष्ट फुरशाचे नव्हेत, आणि फुरसे चावलेल्याचे तर नव्हेतच.

विधिज्ञ यात आणखी भर घालील. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला 1992 साली आणि भारताचा त्याविषयीचा कायदा झाला 2002 साली. 1988 च्या शोधाला यांपैकी कोणताच बंध लागू नाही. आणि समजा लागू असता, तरी दावा कोणी लावावयाचा? फुरसे काही तेरेखोलची नदी पाहून थांबत नाही. उत्तरेस सावंतवाडी, देवगड, रत्नागिरी, तेथून पुढे राजस्थान, सिंध, इराण, दक्षिणेस श्रीलंका. एवढ्या पसरलेल्या जनावरावर पेडण्याने आपली मुद्रा कशी उमटवावी? हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. किंबहुना ‘आमचे फुरसे’ असा अभिमान धरू पाहणाऱ्या लेखांचा आम्हांस थोडा कंटाळाच आहे.

कारण आमचा स्वतःचा इतिहास या बाबतीत फारसा देखणा नाही. आपल्या गावांत वारुळाला, कोकणीत ज्याला रोयण म्हणतात तिला, सातेरी म्हणून पूजितात. नागपंचमीला मातीचा नाग आणून त्याला लाह्या-दूध दाखवितात. फुरशाच्या वाट्याला मात्र यांतले काही येत नाही. त्याच्या वाट्याला काठी. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरसे मारणाऱ्यास इनाम लावले होते. 1862 च्या डिसेंबरात ते वाढविले तेव्हा थोडक्या दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून सरकारात जमा झाली. दोन-दोन आण्यांसाठी सडे पालथे घालणाऱ्या त्या गरीब माणसांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी घरची माणसे गमावली होती. पण ज्या प्राण्याचा निर्वंश व्हावा म्हणून एका पिढीने दाम मोजला, त्याच्याच विषात मोल सापडल्यावर पुढच्या पिढीने वारसा सांगावा, हे शोभत नाही. मालकीच्या वाटेने गेले तर हा प्रश्न येथेच संपतो, आणि भाटकाराच्या बाजूने संपतो.

परंतु ऋण आणि मालकी या एक गोष्टी नव्हेत. आपल्या परंपरेत माणूस देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊन जन्मतो असे मानतात. यांपैकी कोणतेही ऋण खतावर सही करून घेतलेले नसते, आणि धनको त्याची मागणी करावयास कधी दारात येत नाही. ऋषींचे ज्ञान ही काही ऋषींची खासगी मिळकत नव्हती. तरीही ऋषिऋण आहेच. ते का आहे, याचा विचार केला तर असे दिसते की, जे आपण निर्माण केले नाही पण ज्याच्यावाचून आपले चालले नसते, आणि जे कोणीतरी भोगून, सोसून, जपून आपल्यापर्यंत आणले, त्याचे ऋण लागते. तेव्हा विचारावयास हवे ते इतकेच, की गुठळीवरील या औषधांचे ज्ञान कोणी सोसून आपल्यापर्यंत आणले?

येथे मलायातील एक हकीकत सांगितली पाहिजे. अ‍ॅलिस्टर रीड नावाचे इंग्रज वैद्य 1960 च्या सुमारास पेनांगला काम करीत होते. रबराच्या मळ्यांच्या त्या मुलुखात फुरशाच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी एक विषारी साप फार. त्याने चावलेले रुग्ण रीड यांच्याकडे येत, आणि त्यांनी खाटेशी बसून एक गोष्ट टिपली: यांचे रक्त दिवसच्या दिवस गोठत नाही, तरी यांतले पुष्कळसे बरे होऊन घरी जातात. ज्याचे रक्त गोठत नाही तो जगू शकतो, तर ज्याच्या शिरेत गुठळी झाली आहे त्याचे रक्त हेतुपूर्वक काही दिवस असेच ठेवता येणार नाही काय? या विचारातून अँक्रॉड नावाचे औषध निघाले. पुढे मेंदूतील गुठळीवरच्या कसोटीला ते उतरले नाही, आणि आज ते मागे पडले आहे. पण तो विचार प्रयोगशाळेत सुचलेला नव्हता. तो साप चावलेल्या माणसांच्या खाटांशी, त्यांच्या हातातून काढलेल्या आणि न गोठलेल्या रक्ताकडे पाहून सुचला. त्या माणसांना कोणी विचारले नाही, आणि विचारावयाचे कारणही नव्हते; ती आजारी होती आणि वैद्य त्यांची शुश्रूषा करीत होता. तरीही त्यांच्या दुखण्यातून निघालेले ज्ञान त्यांच्या दुखण्यावर खर्च न होता दुसरीकडे गेले.

फुरशाच्या बाबतीतही तेच. त्याचे विष रक्ताला काय करते हे माणसाला प्रथम कळले ते काचनळीतून नव्हे. ते देवगडच्या, वेंगुर्ल्याच्या, पेडण्याच्या घरांतून कळले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले की ‘फुरसे लागले’ असे ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांना कळले. औषधकंपनीने विषांच्या बाटल्या तपासावयास घेतल्या त्या आंधळेपणाने नव्हे. रक्ताशी खेळणारे विष कोणते, हे सापांनी डसलेल्या मुलुखांनी जगाला आधीच सांगून ठेवले होते.

अशा सांगणाराचे नाव राखण्याची पद्धत एके काळी होती, आणि तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात येथील वनस्पती आणि औषधे युरोपास कळविली गेली. सर्पदंशावरील मुळीचीही चर्चा त्यात आहे. येथले वैद्य त्या पानांत येतात ते बहुधा नावावाचून. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी कोचीचा डच अधिपती व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्याच्या 1678 च्या पहिल्या खंडात मात्र तीन कोकणी वैद्यांची साक्ष नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत, जशीच्या तशी छापली आहे: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांच्या जोडीला इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचीही साक्ष आहे. गोव्यातून विस्थापित होऊन कोचीस गेलेल्या समाजाची ही माणसे. त्यांना ग्रंथाच्या नफ्यात वाटा मिळाला असेल असे आम्हांस वाटत नाही. पण हे ज्ञान कोठून आले ते पानावर लिहिलेले आहे, आणि साडेतीनशे वर्षांनंतर ते आपण वाचू शकतो. टायरोफिबॅनच्या वेष्टनातील कागदावर अशी साक्ष कोणाची छापावी? फुरसे चावून गेलेल्यांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी 58,000. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत वरचे स्थान दिले ते 2017 साली, म्हणजे फुरशापासून घडलेले औषध रुग्णालयांत पोचून जवळजवळ वीस वर्षे झाल्यावर.

हा कालक्रमच आम्हांस या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. एकाच विषाकडे दोन दिशांनी पाहणे चालू होते. एक पाहणे हृदयरोग्यासाठी. त्यात रेणूच्या घडणीपर्यंत, अणूच्या जागेपर्यंत पोचलेले ज्ञान, आणि तितकाच पैसा. दुसरे पाहणे दंश झालेल्यासाठी. तेथे आजही उपाय आहे तो तत्त्वतः 1890 च्या दशकातला: घोड्याला थोडे थोडे विष टोचावयाचे आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष घ्यावयाचे. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रित चालते. त्यासाठी लागणारे विष पुष्कळसे तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या 1978 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. याच प्रतिविषाने असंख्य प्राण वाचविले आहेत, आणि त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण एका प्रदेशातील सापाचे विष दुसऱ्या प्रदेशातील त्याच जातीच्या सापाच्या विषाहून वेगळे असू शकते, दक्षिणेकडील विषावर तयार केलेले प्रतिविष इतरत्र उणे पडू शकते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवून दिले आहे. घोड्याच्या प्रथिनांमुळे रुग्णाला कधी तीव्र प्रतिक्रिया येते ती निराळीच. सव्वाशे वर्षांत हृदयरोग्याचे औषध चार वेळा पालटले. दंश झालेल्याचे पालटले नाही. रोगी गरीब असला म्हणजे त्याच्या रोगाला जुने औषध पुरते, असे कोणी ठरविले नव्हते. ते कोणीही न ठरवता ठरून गेले.

म्हणून आम्ही भाटकाराने औषध घेऊ नये असे म्हणणार आहोत काय? मुळीच नाही. त्याने ते नाकारले तर बोंडे वेचणारी बाई जिवंत होणार नाही, आणि एका मरणाची भरपाई दुसऱ्या मरणाने होत नाही. शिवाय आमच्या दृष्टान्तात आम्ही भाटकाराला श्रीमंत आणि वेचणारीला गरीब ठरविले, ही थोडी सोयीची मांडणी झाली. हृदयविकार आता केवळ भाटकारांचा उरलेला नाही. बाईच्या नवऱ्यालाही तो होतो, आणि तोही याच औषधांवर जगतो. गुठळीवरील नव्या गोळ्या पेटंटची मुदत संपल्यावर आपल्याकडे स्वस्त झाल्या, तेव्हा त्याचा लाभ सर्वांनाच झाला. औषधाची नवनिर्मिती हे पाप नव्हे. आमचा आक्षेप आहे तो ऋण नाहीच असे म्हणण्याला.

ऋण आहे असे एकदा मानले की ते कसे फेडावे हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो, कारण त्याची उदाहरणे कोकणातच आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी मुले पाहिली, आणि प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरील एक साधे औषध त्यांच्यासाठी वापरून पाहिले. शंभरांत चाळीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले. शहरी रोग्याच्या रक्तदाबासाठी केलेली गोळी उलट वाटेने कोकणातल्या मुलाकडे आली. अशी उलटी वाट आता सापासाठीही शोधली जात आहे. व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध मुळात हृदयरोग्यांसाठी काढलेले. त्यांना ते लाभले नाही म्हणून 2012 साली ती चाचणी थांबली. पुढे ते सर्पविषातील एका द्रव्याला अडविते असे दिसल्यावर भारतात आणि अमेरिकेत दंश झालेल्या रुग्णांवर त्याची कसोटी घेण्यात आली. मुख्य कसोटीवर ते उतरले नाही. तरी लवकर दिल्यास उपयोग होईल अशी आशा संशोधकांनी सोडलेली नाही. फुरशाच्या कुळासाठी दुसरेच एक औषध अधिक आशादायक दिसते. त्याच्या विषातील मारक द्रव्ये जस्ताच्या अणूवाचून लुळी पडतात. पारा किंवा शिसे अंगात गेलेल्यांना देतात ते डीएमपीएस नावाचे जुने, तोंडावाटे घेता येणारे औषध हा जस्ताचा अणू काढून घेते, असे लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2020 साली उंदरांवर दाखविले. त्यानंतर केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची पहिली चाचणी झाली. घोड्याचे प्रतिविष रुग्णालयात, शिरेतून, वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. गोळी भाटातच देता येईल. प्रतिविषाची जागा ती घेणार नाही, पण रुग्णालयापर्यंतचा वेळ विकत घेईल.

आणि वेळ हाच येथे सारा प्रश्न आहे. गोव्यात गेल्या दशकाच्या अखेरीस एक योजना सुरू झाली: छातीत कळ आलेला माणूस तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात पोचला की त्याचा हृदयालेख बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी तेथूनच पाहावयाचा, आणि गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन रुग्णाला तालुक्यातच, मोफत द्यावयाचे. ही योजना आम्हांस फार मोलाची वाटते, आणि ती या लेखाच्या कामीही येते. ज्यांना वाटते की खेड्यापर्यंत नवे औषध वेळेवर पोचविणे व्यवहारात शक्य नाही, त्यांना तिने उत्तर दिले आहे. गुठळी विरघळविणारे औषध जर पेडण्याला पोचू शकते, तर गुठळी होऊ न देणाऱ्या विषावरचे औषधही पोचू शकेल.

तोपर्यंत जे हाताशी आहे ते फार साधे आहे. कोरडी, स्वच्छ काचेची एक नळी घ्यावयाची. दंश झालेल्याच्या शिरेतले थोडे रक्त तीत ठेवावयाचे. वीस मिनिटे नळीला हात लावावयाचा नाही. मग ती एकदा तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले असेल तर ते जागेवर राहते. ओघळले, तर विष रक्तात भिनले आहे आणि प्रतिविष द्यावयास हवे. नळी प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण मग निरोगी रक्तही गोठत नाही. काजूच्या मोसमापूर्वी अशा नळ्या आपल्या केंद्रात आहेत की नाहीत, आणि त्या काचेच्याच आहेत की नाहीत, एवढे प्रत्येक गावच्या पंचायतीने जाऊन विचारावे, असे आम्हांस वाटते. भाटकारांनी वेचणाऱ्यांना जाड बूट आणि बोंडे ओढण्यासाठी लांब दांड्याची आकडी द्यावी. ती फार महाग पडत नाही. एका भाटाच्या एका दिवसाच्या हुराकात ती सहज निघेल.